आमच्या रावणाला दोनदा मारू नका

मनोरंजन पुरवण्यांचे संपादक, वृत्तवाहिन्यांचे वृत्तसंपादक आणि बातम्यांच्या संकेतस्थळांवर रात्रपाळी करणारे उपसंपादक,
यांस,

मी पुण्यात राहते. एकतीस वर्षं एका साप्ताहिकात मुद्रितशोधनाचं काम केलं. आधी ओल्या शाईच्या गॅल्या, मग ब्रोमाइड, शेवटी संगणकाचा पडदा. साप्ताहिक बंद पडलं, मी निवृत्त झाले, पण दुसऱ्याच्या चुका शोधायची खोड काही निवृत्त होत नाही. घरातली मंडळी लग्नपत्रिका छापून येईपर्यंत माझ्यापासून लपवून ठेवतात.

हे पत्र रामानंद सागर यांच्या 'रामायण' मालिकेबद्दल आहे. रामाबद्दल नाही, राजकारणाबद्दल तर नाहीच. हे आधीच सांगून टाकते, कारण या मालिकेचं नाव काढलं की तुमच्यातले अर्धे जण मला भाविक बाई समजून हात जोडतील आणि उरलेले अर्धे मला प्रचारक समजून कपाळाला आठ्या घालतील. मी दोन्ही नाही. मी त्या मालिकेची प्रेक्षक आहे आणि तुम्ही तिच्याविषयी जे छापता आणि दाखवता, ते मी वाचते. तक्रार त्याचीच आहे.

२५ जानेवारी १९८७, रविवार, सकाळचे साडेनऊ. तेव्हा आम्ही नारायण पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहायचो. टीव्ही होता तो खाली मालकांकडे. पहिल्या भागाला त्यांच्या माजघरात दहा-बारा माणसं होती. महिन्याभरात जागा पुरेना म्हणून त्यांनी टीव्ही ओसरीवर आणून ठेवला आणि आम्ही अंगणात सतरंज्या घातल्या. माझ्या आजेसासूबाई आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, नवाला पाच कमी असतानाच पुढची जागा धरत. हिंदी त्यांना भाजीवाल्या भय्याशी घासाघीस करण्यापुरतीच येई. पण श्रीधरांचा 'रामविजय' त्यांनी आयुष्यभर वाचलेला, त्यामुळे पात्र तोंड उघडण्याआधीच ते काय बोलणार हे त्यांना माहीत असे. आणि ते तसं बोललं नाही, की त्या मान हलवून म्हणत, "पोथीत असं नाहीये हो." एकदा मालिकेच्या सुरुवातीच्या नावांत एकनाथांच्या 'भावार्थ रामायणा'चं नाव सरकून गेलं आणि कुणीतरी ते त्यांना वाचून दाखवलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग नाथांचं तरी नीट वाचा म्हणावं."

प्रेक्षक कसा असतो हे तुम्हाला कळावं म्हणून हे सांगितलं. तुम्हाला वाटतं, मालिकेवर जीव टाकणारा माणूस म्हणजे समोर येईल ते गिळणारा माणूस. खरं म्हणजे त्याच्याइतकं बारकाईनं कुणीच बघत नाही. मालिकेला आधी ५२ भागांची मंजुरी होती, वाढत वाढत ती ७८ भागांवर गेली आणि ३१ जुलै १९८८ च्या रविवारी संपली, हे आमच्या वाड्यातलं शाळकरी पोर सांगू शकत होतं. तुमच्याकडच्या लेखांत मात्र या तारखा दर वेळी वेगळ्या असतात.

आता येते ३० एप्रिल २०२० या तारखेवर.

टाळेबंदी लागली होती. २८ मार्चपासून दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतलं होतं, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. आजेसासूबाई जाऊन खूप वर्षं झाली होती. त्यांच्या जागी आता सासूबाई होत्या, वय त्र्याऐंशी. दोन्ही वेळा बघायच्या.  त्यांनी अठराव्या वर्षी शेजाऱ्यांच्या रेडिओपाशी बसून पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' ऐकलेलं. १९५५ सालच्या एप्रिलपासून दर आठवड्याला एक गीत, सगळी मिळून छप्पन्न. त्यामुळे पुढच्या भागाची वाट पाहणं हे त्यांना नवीन नव्हतं. त्या दिवसांत त्यांना बाकी कशाचीच वाट पाहण्यासारखी परिस्थिती नव्हती.

त्या ३० एप्रिलला दूरदर्शनच्या ट्विटर खात्यावरून एक दावा प्रसृत झाला. १६ एप्रिल या एका दिवशी ७.७ कोटी लोकांनी 'रामायण' पाहिलं आणि ही मालिका जगातला सर्वाधिक पाहिला गेलेला मनोरंजनाचा कार्यक्रम ठरली. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन. आमच्या सोसायटीत पेपर येत नव्हता, पण फोनवर दुपारपर्यंत तीच बातमी मला अकरा जणांनी पाठवली, सात वेगवेगळ्या ठिकाणांची. साती ठिकाणी शब्द जवळजवळ तेच. एकानं 'गेम ऑफ थ्रोन्स'ला मागे टाकल्याचं वर जोडलं, दुसऱ्यानं रामाचा धनुष्य ताणलेला फोटो.

मुद्रितशोधकाचं बोट काही शब्दांपाशी आपोआप थांबतं. 'सर्वाधिक', 'पहिला', 'एकमेव', आणि 'जगात' हा तर सगळ्यांचा राजा. आमचे संपादक म्हणायचे, 'जगात' लिहिणाऱ्यानं आधी जग फिरून यावं. मी जग फिरले नाही, फोन उघडला. अमेरिकेत 'मॅश' नावाची मालिका होती, कोरियन युद्धातल्या लष्करी रुग्णालयातल्या डॉक्टरांची. अकरा वर्षं चालली. तिचा शेवटचा भाग २८ फेब्रुवारी १९८३ ला दाखवला गेला, तो सुमारे १०.६ कोटी लोकांनी पाहिला. त्या वेळी त्या देशाची लोकसंख्याच साधारण २३ कोटी. म्हणजे जवळजवळ निम्मा देश एका रात्री एकच गोष्ट बघत होता. चीनमध्ये नववर्षाच्या रात्री सरकारी वाहिनीवर जो गाण्या-नाचण्याचा कार्यक्रम होतो, त्याचे प्रेक्षक तर याच्या कितीतरी पट. हे शोधायला मला पंधरा मिनिटं लागली, त्यातली पाच चष्मा शोधण्यात.

'मिंट' या दैनिकानं काही दिवसांत हा दावा तपासून 'मॅश'चा आकडा समोर ठेवला. म्हणजे तुमच्याच बिरादरीतल्या कुणीतरी तपासलं. तपासता येत होतं. बाकीच्यांनी दूरदर्शनचं वाक्य उचललं आणि पानात सोडलं.

आता तुम्ही विचाराल, बाई, तुमच्या आवडत्या मालिकेचं कौतुकच छापलं ना आम्ही? मग बिघडलं काय? माझ्या भाच्यानंही हेच विचारलं. त्याला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. कौतुक खोटं निघालं की हसं कौतुक करणाऱ्याचं होत नाही, ज्याचं केलं त्याचं होतं. आठवड्याभरात माझ्या ओळखीचे लोक म्हणायला लागले, "तुमच्या रामायणाचा तो विक्रम म्हणजे थापच की." विक्रम माझा नव्हता. सासूबाईंचाही नव्हता. त्यांनी तर त्या ७.७ कोटींत आपण मोजले गेलो असू का, एवढंच विचारलं होतं.

याचं उत्तरसुद्धा तुमच्याकडून कधी मिळालं नाही, म्हणून मीच दिलं. नाही, आई, तुम्हाला कुणी मोजलं नाही. मोजणारी संस्था 'बार्क' आहे. तिनं तेव्हा देशभरात सुमारे ४४ हजार घरांतल्या टीव्हींना मीटर जोडलेले होते. कार्यक्रमाच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते. मीटर ती ओळखतं आणि कोणती वाहिनी लागली आहे हे नोंदवतं. त्या ४४ हजार घरांवरून सगळ्या देशाचा अंदाज बांधतात. भाताचं एक शीत चेपून बघावं तसं. सासूबाई म्हणाल्या, "मग शीत शिजलंय म्हणा, पातेलं मोजलं म्हणू नका." अंदाज हा शब्द त्या सातांपैकी एकाही बातमीत नव्हता.

आणि गंमत अशी, की खरी बातमी होतीच. 'बार्क'नं २०१५ पासून मोजायला सुरुवात केल्यापासून हिंदी मनोरंजनाच्या कार्यक्रमाला इतका मोठा आकडा मिळाला नव्हता, हे प्रसार भारतीच्या प्रमुखांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. तेहतीस वर्षांपूर्वीची मालिका, जुनी छायाचित्रण-पद्धत, पुठ्ठ्याचे मुकुट, आणि तरी घरोघर लागली. का लागली, कोण बघत होतं, पहिल्यांदा बघणारी पोरं किती आणि आठवणीसाठी बघणारे किती, यावर कुणी एखादं पान लिहिलं असतं तर मी ते कापून ठेवलं असतं. त्याऐवजी आम्हाला जगज्जेतेपद मिळालं, ते चार दिवसांत परतही गेलं.

पुठ्ठ्याच्या मुकुटांवरून आठवलं. टीकेबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. करा. बाण सुटला की समोरच्या बाणाला भिडेपर्यंत आमच्या वाड्यात चहा उकळायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे. १९८७ मध्येही इंग्रजी वृत्तपत्रांनी या मालिकेची पोटभर थट्टा केली होती. संथ आहे, भडक आहे, नाटकी आहे. फिलिप लुटगेनडॉर्फ नावाचे अमेरिकन अभ्यासक आहेत, तुलसीदासांच्या 'मानसा'वर आयुष्य घालवलेले. त्यांनी १९९० मध्ये या मालिकेवर एक लांबलचक लेख लिहिला. या संथपणाचा, चेहऱ्यांवर रेंगाळणाऱ्या कॅमेऱ्याचा संबंध त्यांनी दर्शनाशी जोडला. माणसं नुसती गोष्ट बघत नव्हती, दर्शन घेत होती. अरविंद राजगोपाल यांनी पुढे अख्खं पुस्तक लिहून या मालिकेचा आणि त्या काळच्या राजकारणाचा संबंध तपासला. ते वाचून माझ्यासारखीला बरं वाटत नाही, पण त्यांनी मालिका पाहिली होती, माणसांशी बोलले होते, तपासलं होतं. नावडती गोष्टसुद्धा अशी लिहिली तर वाचावी लागते. मालिका न बघता केलेली थट्टा आणि मालिका न बघता केलेली आरती, मला दोन्ही सारख्याच.

कौसल्या झालेल्या जयश्री गडकरांबद्दल थोडंसंच लिहिते, कारण जास्त लिहिलं तर राग यायला लागेल. त्याच टाळेबंदीत एका मराठी संकेतस्थळानं 'रामायणातली ही माता आठवते का? दशरथाशी होतं खरंखुरं नातं!' असा मथळा दिला. आत शोध लावला होता, की कौसल्या आणि दशरथ प्रत्यक्षातही पती-पत्नी होते. अहो, जयश्री गडकर आणि बाळ धुरी हे नवरा-बायको, हा महाराष्ट्राला काय शोध लावून सांगायचा? आणि मजकुरात त्यांची ओळख काय, तर 'रामायण फेम'. १९५९ चा 'सांगत्ये ऐका', जो पुण्याच्या विजयानंदमध्ये अडीच वर्षं उतरला नाही, त्याचा उल्लेख नाही. 'साधी माणसं'चा नाही. फोटो तर कैकेयी झालेल्या पद्मा खन्नांचा. सासूबाईंना तो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "हिनं तर रामाला वनात पाठवलं."

जयश्री गडकरांबरोबर मालिकेत मंथरा झालेल्या, येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार होत्या, भरत झालेले संजय जोग होते, वसिष्ठ झालेले सुधीर दळवी होते. चित्रीकरण उंबरगावला, आपल्या डहाणूपासून हाकेच्या अंतरावर. हिंदी मालिका, पण तिच्यात मराठी माणूस जागोजाग होता, आणि मराठी पुरवण्यांना त्यांतलं काही शोधून काढावंसं वाटलं नाही. कोड्यासारखे मथळे मात्र द्यावेसे वाटले.

आता मूळ तक्रार.

२०२१ चा मे महिना आठवा. दुसरी लाट. फोन वाजला की पोटात गोळा येई. आमच्या मजल्यावरची दोन माणसं गेली होती. अशा एका दुपारी टीव्हीवर खालच्या पट्टीत बातमी सरकली: 'रामायण'मधले रावण, अरविंद त्रिवेदी यांचं निधन. सासूबाई समोर बसल्या होत्या. त्यांनी टीव्ही बंद करायला सांगितला. त्यांना हा माणूस फार आवडायचा. रावणाच्या भूमिकेनं देशभर पोहोचलेला, त्याच जोरावर १९९१ मध्ये गुजरातमधल्या साबरकांठ्यातून खासदार झालेला. आदल्याच वर्षी पुनःप्रसारण चालू असताना त्यांची एक चित्रफीत सगळीकडे फिरली होती. घरी बसून स्वतःचंच सीताहरण बघताना त्यांनी पडद्याला हात जोडले होते. सासूबाईंनी ती माझ्याकडून किती वेळा लावून घेतली याला गणती नाही. त्या दुपारी त्या जेवल्या नाहीत. रात्री देवापाशी बसून होत्या.

आणि ते जिवंत होते. घरच्यांनी सांगितलं, लक्ष्मण झालेल्या सुनील लहरींनी सांगितलं, अफवा पसरवू नका म्हणून विनवलं. वाहिनीनं काय केलं? पट्टी काढून टाकली. बस्स. चूक झाली असं कुठे म्हटलं नाही, क्षमा नाही, 'ते सुखरूप आहेत' एवढी उलटी पट्टीसुद्धा सोडली नाही. मी त्यांना पत्र लिहिलं. 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे' असं उत्तर आलं. कुठल्या वहीत, ते कळलं नाही.

मी काही सोवळी नाही. माझ्या हातूनही असं झालं आहे. साल सांगत नाही. एका ज्येष्ठ गायकांच्या नावाआधी 'पं.' हवं तिथे जुळाऱ्यानं 'कै.' लावलं, ते माझ्या नजरेतून सुटलं आणि अंक बाजारात गेला. सोमवारी सकाळी कार्यालयात फोन वाजला, मीच उचलला. पलीकडून धीरगंभीर आवाज आला, "कैलासातून बोलतोय." ते हसत होते, मी रडत होते. आमच्या संपादकांनी पुढच्या अंकात पहिल्याच पानावर चौकट टाकून दिलगिरी छापली, आणि तो अंक घेऊन मला एकटीला त्यांच्या घरी पाठवलं. बुधवार पेठेतून चालत गेले. त्यांच्या पत्नीनं दार उघडलं. त्या हसत नव्हत्या. "सकाळपासून माणसं पांढरे कपडे घालून येतायत," असं म्हणाल्या आणि मला पाणी दिलं. तेव्हापासून 'कै.' दिसलं की मी तीनदा थांबायची. एका अक्षराचा प्रश्न, पण त्या अक्षरापलीकडे एक दार असतं आणि ते कुणीतरी उघडतं.

तुमच्यापैकी कुणाला असं कुणाच्या दारी पाठवलं गेलं आहे का? मला वाटत नाही. आता संपादकांना वेळ नाही, उपसंपादकाकडे एका पाळीत किती बातम्या सोडायच्या याचा आकडा ठरलेला, आणि मुद्रितशोधक नावाची जमातच पगारपत्रकातून गेली. हे मला कळतं. माझ्या जागी कुणी आलं नाही, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? पण मग निदान रात्रपाळीच्या त्या पोराला एक तरी फोन करायला वेळ द्या. निधनाची बातमी फोन केल्याशिवाय सोडायची नाही, मग बाजूची वाहिनी आधी सोडो. आणि चूक झालीच, तर जिथे सोडली तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, तेवढाच वेळ दुरुस्ती दाखवा. गुपचूप पुसून टाकायची नाही. पुसलेली बातमी तुमच्या पडद्यावरून जाते, आमच्या घरातून जात नाही.

कशी जात नाही ते सांगते. त्या वर्षी ५ ऑक्टोबरच्या रात्री अरविंद त्रिवेदी खरोखरच गेले, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली. मी स्वयंपाकघरातून सासूबाईंना सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मागेच नाही का गेला तो?" मी म्हटलं, नाही आई, तेव्हाची चुकीची होती. त्या म्हणाल्या, "मग हीपण असेल." मी पेपर आणून समोर धरला, फोटो दाखवला, खालचा मजकूर वाचला. त्यांनी ऐकून घेतलं. "तेव्हापण दाखवलंच होतं की त्यांनी," असं म्हणून त्या पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. संध्याकाळी राम झालेल्या अरुण गोविलांनी श्रद्धांजली वाहिल्याचं मी वाचून दाखवलं, तेव्हा कुठे त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक, पुणे

ता. क. : हे पत्र छापलंत तर कृपया 'कौसल्या' हा शब्द 'स' नंच ठेवा. तुमचा संगणक त्याचा 'श' करील. करू देऊ नका.